आंधळ्या पट्टीच्या सहा टिचक्या

३ फेब्रुवारी

जागं झालं! सकाळी दहा चाळीसला आमचं धूळ मोजणारं यंत्र अवकाशात जागं झालं आणि आठही पट्ट्यांनी "हजर" म्हटलं. मी जोरात ओरडले. बाकी कोणीच ओरडलं नाही. कीन्त्सले नुसते "हं" म्हणाले. हे आमचे इलेक्ट्रॉनिक्सवाले. सव्वीस वर्षं संस्थेच्या तळघरात बसून सोल्डरिंग करतायत, आणि त्या यंत्रातली प्रत्येक तार त्यांच्या हातची आहे. त्यांच्या तोंडून "हं" म्हणजे समजा बँड वाजला.

प्रोफेसर वुर्स्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघा यूडिट, सरळ सांगतो. धूळ सापडली तर दुसरं यंत्र मंजूर होईल. ते झालं तर तुम्हाला पीएचडीची जागा, तीन वर्षं. नाही सापडली तर एकतीस मार्चला तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपतं. वडिलांना कल्पना देऊन ठेवा."

बाबांना कल्पना कशाला द्यायची? त्यांचं फरशीचं दुकान आहे आणि काउंटरवरची एक खुर्ची त्यांनी माझ्यासाठी दोन वर्षांपासून रिकामी ठेवलीय. मी त्या खुर्चीवर बसणार नाही. धूळ सापडणार. अवकाशात धूळ नाही असं कधी झालंय का?

५ फेब्रुवारी

आईचा फोन. "तुझी पट्टी कशी आहे गं?" तिने अख्ख्या चर्चच्या गायनमंडळाला सांगितलंय की आमच्या मुलीची एक पट्टी वर फिरतेय. ते खरंच आहे. फक्त माझी पट्टी झाकलेली आहे, हे मी तिला सांगितलेलं नाही.

इथे तरी खरं लिहून ठेवते. आमच्या यंत्रात प्लास्टिकच्या पातळ फिल्मच्या पट्ट्या आहेत, दोन्ही बाजूंनी धातूचा मुलामा दिलेल्या. या प्लास्टिकमध्ये विजेचा भार कायमचा गोठवून ठेवलेला असतो. धुळीचा कण सेकंदाला दहा किलोमीटरच्या वेगाने येऊन आदळला की तिथे बारीकसं भोक पडतं, तेवढा भार मोकळा होतो आणि यंत्राला एक झटका कळतो. त्याला आम्ही टिचकी म्हणतो. टिचकी जेवढी मोठी तेवढा कण जड. वेग साधारण माहीत असला की वजन काढता येतं, ग्रॅमच्या अब्जाव्या भागापर्यंत. आहे ना भारी?

पण हे प्लास्टिक हळवं आहे. तापलं, गार झालं, सॅटेलाइट जरा हललं, तरी ते टिचकी देतं. खोटी टिचकी. म्हणून सात पट्ट्या उघड्या आणि आठवी झाकणाखाली. तिच्यावर धूळ पडूच शकत नाही, त्यामुळे ती जे देईल ते सगळं खोटं. खोट्याचं माप घ्यायला ठेवलेली. आम्ही तिला आंधळी म्हणतो. मूळ डिझाइनमध्ये प्रत्येक उघड्या पट्टीला स्वतःची आंधळी होती, म्हणजे सात. मग वजन कमी करायची वेळ आली आणि प्रोफेसरांनी सहा काढून टाकल्या. नव्वद ग्रॅम वाचले! ते अजूनही प्रत्येक पाहुण्याला हे नव्वद ग्रॅम ऐकवतात. आमच्या भागात असं काही वाचवलं की माणूस दहा वर्षं खूश असतो.

तर माझ्या वाट्याला आंधळी. जिने काहीच करायचं नाही, ती.

८ फेब्रुवारी

या आठवड्यात जिन्याची पाळी माझी. दारावर पाळीची लाकडी पाटी लटकली की सुटका नसते. तळमजल्यापासून माझ्या मजल्यापर्यंत झाडून पुसून काढलं. खाली हेफेलेबाई उभ्याच होत्या. खाटकाच्या दुकानात एकतीस वर्षं काउंटर सांभाळून रिटायर झाल्यात, आता आमचा जिना सांभाळतात. त्यांनी कठड्यावरून बोट फिरवलं आणि माझ्या नाकासमोर धरलं.

"तुम्ही दिवसभर धूळ शोधता म्हणे?"

"हो."

"मग ही काय, ओळखीची नव्हती?"

पुन्हा पुसला.

१३ फेब्रुवारी

टिचक्या आल्या! दहा दिवसांत उघड्या पट्ट्यांवर पंधरा. अंदाजापेक्षा तिप्पट! प्रोफेसरांनी सगळ्यांना ब्रेत्सेल, म्हणजे पीळ घातलेले खारे पाव आणले, लोणी लावलेले, म्हणजे तेही खूश असणार.

आणि आंधळीवर दोन.

माझ्या पट्टीने काहीतरी केलं म्हणून मला आनंद झाला, आणि तो व्हायला नको होता हेही मला कळतं. लहानपणी नाटकात मी झाड होते. मध्येच मला शिंक आली आणि अख्खं सभागृह हसलं. तसंच काहीसं वाटलं.

१९ फेब्रुवारी

मोठा शोध! बहुतेक माझा!!

सगळ्या टिचक्यांच्या वेळा काढून ग्राफ केला. सॅटेलाइट दर फेरीला पृथ्वीच्या सावलीत जातं आणि बाहेर येतं. टिचक्या जवळजवळ सगळ्या बाहेर आल्यावरच्या पाच-दहा मिनिटांतल्या. म्हणजे सावलीच्या कडेला, जिथे ऊन लागतं तिथे, धुळीचा एक पट्टा आहे! मी त्याला "पहाटपट्टा" नाव दिलंय. अजून कोणाला सांगितलेलं नाही, फक्त प्रोफेसरांना.

त्यांनी ग्राफ बराच वेळ बघितला. मग विचारलं, "आणि तुमची आंधळी? तिच्या टिचक्या कधीच्या?"

"त्यापण पहाटेच्याच, सर!"

"असं?"

"म्हणजे तिथे धूळ इतकी दाट असेल की झाकणावर आपटूनसुद्धा आतल्या पट्टीला जाणवतेय."

प्रोफेसर खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर काहीच नव्हतं, नुसतं पार्किंग. मेमध्ये रिटायर होतायत. लक्ष लागत नसेल बिचाऱ्यांचं.

३ मार्च

महिन्याचा आकडा आला. सात उघड्या पट्ट्या मिळून एक्केचाळीस टिचक्या. आंधळी सहा.

कीन्त्सलेंच्या तक्त्यात भरलं. तक्ता जुना आहे, सात आंधळ्यांच्या काळातला. उघड्यांची बेरीज वजा आंधळ्यांची बेरीज, असा. काढून टाकलेल्या सहा आंधळ्यांचे रकाने त्यात अजून आहेत, त्यांत शून्य भरलेलं. कीन्त्सले काहीही टाकून देत नाहीत, रकानेसुद्धा. एक्केचाळीस वजा सहा, पस्तीस.

पस्तीस खरे कण! आणि सहा खोटे आम्ही प्रामाणिकपणे काढून टाकले, तेही माझ्या आंधळीमुळे. दुसऱ्या कोणी एक्केचाळीसच जाहीर केले असते. मला तिचा अभिमान वाटायला लागलाय.

६ मार्च

जाहीर करायची तारीख ठरली. चौदा मार्च, शुक्रवार, संस्थेच्या हॉलमध्ये. मंत्रालयातून एक बाई येणार आहेत, गावातल्या पेपरचा माणूस येणार आहे. बोलणार कोण? मी!! प्रोफेसर म्हणाले, "पट्टी तुमची, तुम्हीच बोला."

हे कळल्यापासून कीन्त्सले विचित्र वागतायत. दुपारी तळघरात मसूर आणि श्पेट्सले, म्हणजे अंड्याच्या जाड शेवया, खात बसलो होतो. मध्येच त्यांनी एकदम विचारलं:

"सहा म्हणजे किती?"

"सहा म्हणजे सहा."

"एका पट्टीचे."

"हो. एकच तर आहे."

"हं," म्हणाले आणि सॉसेज कापत बसले.

हे नेहमीचं "हं" नव्हतं. मला वाटतं, त्यांना वाईट वाटतंय. सव्वीस वर्षं सगळं त्यांनी बनवायचं आणि स्टेजवर चोवीस वर्षांच्या मुलीने जायचं. साहजिक आहे. मी भाषणात त्यांचं नाव दोनदा घेईन.

११ मार्च

भाषणाची प्रॅक्टिस. प्रोफेसरांनी पहिल्या मिनिटालाच थांबवलं.

"छान. पुरे."

"पण सर, पहाटपट्ट्याचं अजून—"

"ते राहू द्या. आणि ऐका, तुमच्या जागेचं पत्र टाइप झालंय. गुरुवारी त्यावर सही होईल. तोपर्यंत आकड्यांशी खेळत बसू नका. घरी जा, नीट झोपा, काहीतरी गरम खा."

किती काळजी करतात! माझे डोळे जास्त कामाने लाल झालेत, असंही म्हणाले. झालेले नाहीत.

१३ मार्च, गुरुवार

सावकाश लिहिते.

दुपारी पत्र मिळालं. तीन वर्षं, सही, गोल शिक्का. घरी येऊन जिन्यातच हेफेलेबाईंना दाखवलं आणि उद्याचं आमंत्रण दिलं. त्या म्हणाल्या, "येईन, पण मला कळणार आहे का काही?" मी म्हटलं, सोपं आहे. पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. सात उघड्या, एक झाकलेली, झाकलेली नुसतं खोटं देते, उघड्या खरं आणि खोटं दोन्ही मिसळून देतात. एकूण एक्केचाळीस, खोटं सहा, राहिले पस्तीस.

हेफेलेबाई हातातलं फडकं पिळता पिळता थांबल्या.

"म्हणजे सात पुडे वजनाला टाकलेत."

"हं… तसं म्हणा."

"आणि कागद एकदाच वजा केलात?"

"कागद एकच आहे ना. म्हणजे, आंधळी एकच—"

"अहो, एका कागदाचं वजन घेतलंत तुम्ही. पण कागद सातही पुड्यांना आहे की. सहा ग्रॅमचा कागद, सात पुडे, बेचाळीस. मी कागद एकदाच काढला असता ना, तर गिऱ्हाइकांनी मला तिसऱ्या दिवशी दुकानातून काढलं असतं. बरोबरच होतं त्यांचं. कागद कोण खाणार?"

मी हसले. हसतच वर आले, बॅग ठेवली, खुर्चीत बसले. आणि मग कळलं.

आंधळीला ज्या सहा खोट्या टिचक्या बसल्या त्या ऊन-सावलीच्या. तापली, आक्रसली, टिचकी. पण ऊन-सावली सगळ्यांनाच आहे. उघड्या पट्ट्याही तेवढ्याच तापतात. म्हणजे प्रत्येकीच्या सहा खोट्या. सात सक बेचाळीस. एक्केचाळीस वजा बेचाळीस.

उणे एक.

आम्हाला उणे एक कण सापडला आहे.

पहाटपट्टाही गेला. पहाट होती, पट्टा नव्हता.

सात आंधळ्या असत्या तर तक्ता बरोबरच होता. सहा काढल्या, नव्वद ग्रॅम वाचवले, आणि त्या जागी शून्य भरलं. शून्य! जणू काढून टाकलेल्या पट्टीबरोबर खोटेपणाही गेला.

आता काय करू? मनात येतंय ते सगळं लिहिते, नंतर हे पान फाडता येईल. एक, हे फक्त मला आणि हेफेलेबाईंना माहीत आहे, आणि हेफेलेबाईंना काय माहीत आहे ते हेफेलेबाईंना माहीत नाही. दोन, पत्रावर सही झालीय, पण त्यात "धूळ सापडल्याच्या आधारे" असं लिहिलंय, दोनदा वाचलं. तीन, गप्प बसले तर पुढच्या यंत्रात धूळ सापडेलही, आणि मग हे कोणी उकरणार नाही. चार, प्रोफेसरांचं हे शेवटचं यंत्र. त्यांना काहीच माहीत नाही. उद्या टाय घालून येतील, पहिल्या रांगेत बसतील, आणि मी सगळ्यांसमोर त्यांचे नव्वद ग्रॅम काढू?

पाच, बाबांच्या दुकानातली खुर्ची. फिरते ती. तिला उंची कमीजास्त करायचा दांडाही आहे.

सकाळी लवकर जाऊन प्रोफेसरांना एकट्याला गाठायचं, असं ठरवलंय.

१४ मार्च

गाठता आलं नाही. मंत्रालयाच्या बाई अर्धा तास आधीच आल्या आणि प्रोफेसर त्यांना तळघर दाखवत फिरत होते. नव्वद ग्रॅमही ऐकवले असणार. माझ्याकडे बघून त्यांनी फक्त मान हलवली. दमलेले दिसत होते. कीन्त्सले कोट घालून आले होते. त्यांच्याकडे कोट आहे हे मला माहीत नव्हतं.

हॉलमध्ये साठेक माणसं. आई-बाबा तिसऱ्या रांगेत, मागे गायनमंडळातल्या चौघीजणी. मी स्टेजवर गेले. पडद्यावर मोठ्ठा "३५". मीच केलेला, सोनेरी अक्षरांत.

मी म्हटलं, "नमस्कार. हा आकडा चुकीचा आहे."

पुढे काय बोलले ते नीट आठवत नाही. कागद, पुडे, सात सक बेचाळीस असं काहीतरी. शेवटी "उत्तर उणे एक येतं" म्हटलं आणि थांबले, कारण पुढे काही तयारच केलेलं नव्हतं.

मग मंत्रालयाच्या बाईंनी हात वर केला.

"उणे एक म्हणजे नक्की काय? आपल्याकडचा एक कण परत द्यायचाय का?"

लोक हसले. मी म्हटलं, "नाही. उणे एक म्हणजे जवळजवळ शून्य. मोजण्यातली चूकच त्याहून मोठी आहे. म्हणजे आम्हाला काहीही सापडलेलं नाही."

तेवढ्यात मागून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "बरोबर आहे."

कीन्त्सले. सव्वीस वर्षांत त्यांनी हॉलमध्ये तोंड उघडल्याचं कोणाला आठवत नाही.

मग प्रोफेसर उठले. मला वाटलं आता ओरडणार. ते स्टेजवर आले, माझ्या शेजारी उभे राहिले आणि कोटाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. पेन्सिलने लिहिलेला. मला बाजूने दिसला. ६ × ७ = ४२. खाली तारीख, तीन मार्च, आणि वर एक खोडलेलं गणित, एकोणीस फेब्रुवारीचं.

त्यांनी लोकांना सांगितलं, "चूक माझी आहे. सहा पट्ट्या मी काढल्या. हे शेवटी मीच सांगणार होतो. मुलीने मला ओव्हरटेक केलं."

सगळं संपल्यावर मी त्यांना धरलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"एकोणीस तारखेला शंका आली. तीनला खात्री झाली."

"आणि कीन्त्सले, तुम्हालाही?"

"मी विचारलं होतं की," कीन्त्सले म्हणाले. "सहा म्हणजे किती."

"मग सरळ का नाही सांगितलंत!"

"सांगितलं असतं तर तुमचं तुम्हाला शोधता आलं असतं का?"

मी प्रोफेसरांकडे वळले. "आणि तुम्ही? मला सोनेरी पस्तीस घेऊन वर जाऊ दिलंत!"

ते टाय सैल करत म्हणाले, "आधी सही होऊ द्यायची होती. पत्र तुमच्या हातात पडलं की मग मी बोलणार होतो. भाषण तुमचं, पण शेवटची पाच मिनिटं माझी होती. कार्यक्रमपत्रिका बघा."

खरंच होती. "समारोप: प्रा. वुर्स्टर."

इतका हुशार माणूस, आणि सगळं सोडून सहीची वाट का बघत बसला, मला अजून कळलेलं नाही. सहीला चार दिवस उशीर झाला असता तर काय बिघडलं असतं? आणि उगीच स्वतःचीच बदनामी. काही माणसांना कागदपत्रांचं फारच वेड असतं.

बाबा पार्किंगमध्ये म्हणाले, "खुर्ची आहे." आणि मग, "घाई नाही."

२८ मार्च

दोन पत्रं आली. पहिलं, दुसरं यंत्र नामंजूर, आणि त्यामुळे आधीचं पत्र रद्द. अपेक्षित होतं. तरी बाथरूममध्ये जाऊन रडले.

दुसरं त्याच मंत्रालयाच्या त्याच बाईंचं. धूळ का सापडली नाही याचा सविस्तर अहवाल त्यांना हवा आहे. दोनशे पानांपेक्षा कमी नको. त्यासाठी एक वर्षाची अर्धी जागा मंजूर. सोबत नियमाचा उतारा: काही सापडलं तर दोन पानं पुरतात, सापडलं नाही तर कारणं द्यावी लागतात.

धूळ सापडली असती तर तीन वर्षं मिळणार होती. सापडली नाही म्हणून अर्ध्या जागेचं एक वर्ष. पण आहे. सकाळी संस्थेत, दुपारी दुकानात. बाबांनी खुर्ची पुसून ठेवलीय.

प्रोफेसरांनी संध्याकाळी तळघरात माउलटाशेन, म्हणजे सारण भरलेल्या चौकोनी करंज्या मागवल्या, रश्श्यातल्या, आणि वाइनची बाटली उघडली. तिघांचे ग्लास भरले. मग उभे राहिले, घसा साफ केला, आणि मला कळलं काय होणार ते.

"मी गेबहार्ट," माझ्याकडे ग्लास करून म्हणाले. "आजपासून तू म्हण मला."

मीही ग्लास उचलून "यूडिट," म्हटलं. त्यांना ते माहीतच होतं, पण म्हणावं लागतं. ग्लासला ग्लास लावला.

मग ते कीन्त्सलेंकडे वळले. सव्वीस वर्षं हे दोघं एका इमारतीत आहेत. चार यंत्रं मिळून केली, एकदा एकत्र लिफ्टमध्ये पाच तास अडकले, आणि आजपर्यंत नावाआधी हेर, म्हणजे श्रीयुत, लावून "हेर प्रोफेसर, तुम्ही" आणि "हेर कीन्त्सले, तुम्ही". प्रोफेसरांचा आवाज जरा हलला.

"आणि आपणही आता… मी गेबहार्ट."

कीन्त्सलेंनी माउलटाशे चमच्याने कापली, चावली, गिळली. नॅपकिनने मिशी पुसली.

"हेर प्रोफेसर," ते म्हणाले, "एवढी काय घाई आहे?"

प्रोफेसर मग बसले, आणि इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. कीन्त्सलेंनी त्यांच्या ताटात आपल्यातली एक माउलटाशे वाढली आणि बटाट्याचं सॅलड पुढे सरकवलं.

सोमवारपासून मला प्रोफेसरांना "तू" म्हणायचंय. घरी येताना वाटेत तीनदा मोठ्याने म्हणून बघितलं. "गेबहार्ट, तू तो तक्ता बघितलास का?" नाही जमलं. समोरून एक बाई कुत्रा घेऊन येत होत्या, त्या म्हणाल्या, "नाही, मी नाही बघितला."

अहवालाचं पहिलं पान लिहून झालंय. एकशे नव्व्याण्णव राहिली.